‘पण तुम्हाला आवडला का?’

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला ‘साहित्य आणि चित्रपट’ असा एक घटक मी शिकवते. त्यासाठी दरवर्षी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) दाखवते आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलते. स्थिर कॅमेरा, लांबून घेतलेली दृश्ये, नारायण कांबळे या लोकशाहिरावरचा खटला, कायद्याची भाषा आणि माणसांची भाषा. टिपणे तयार आहेत. गेल्या वर्षी असेच पाऊण तास बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, पण तुम्हाला आवडला का?”

वर्गात थोडे हसू पसरले. मी म्हटले, “आवडण्या-न आवडण्याच्या पलीकडे जाऊन कलाकृतीकडे पाहता आले पाहिजे.” वाक्य ठीकच होते. मात्र स्टाफरूमपर्यंत जाताना लक्षात आले, की मला त्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच देता आले नव्हते. पंचवीस वर्षांपूर्वी एम.ए. करताना ‘मला वाटते’ हे शब्द उत्तरपत्रिकेतून खोडायला शिकलो, ते बहुधा इतरत्रही खोडले गेले असावेत.

म्हणून २०२५च्या उन्हाळ्यात ठरवले, की सिनेमे पाहायचे आणि वही जवळ घ्यायची नाही. काय वाटले तेवढेच लक्षात ठेवायचे. हा संकल्प बराच निरुपद्रवी वाटला होता.

सुरुवात मार्चमध्येच झाली. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चित्रपटगृहात लागला होता, तो दुपारच्या खेळाला एकटीने पाहिला. चंद्रपूर जिल्ह्यातले गाव, कापूस पिकवणारा बाप आणि कॉलेजात शिकणारी सविता, जिला पुनःपुन्हा ‘पाहायला’ माणसे येतात. चित्रपटाची सुरुवात उलटी आहे. बायका बसल्या आहेत आणि मुलाला समोर बसवून प्रश्न विचारले जात आहेत. प्रेक्षागृहात हशा झाला, मीही हसले. नंतर तेच प्रश्न सविताला विचारले जातात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. पहिल्या खेपेला आपण माणसांकडे पाहतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती बैठक यंत्रासारखी चालू लागते आणि मग पाहायला उरते फक्त सविताचे न बोलणे. समाजशास्त्राच्या तासाला शिकवली जाणारी स्त्री-सक्षमीकरणाची भाषा आणि घरातल्या त्या बैठकीतली भाषा दिग्दर्शकाने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. दोन्ही भाषांमध्ये सविताला बोलायला जागा नाही.

समीक्षक म्हणून मला यात पुनरावृत्तीच्या रचनातत्त्वावर बोलता आले असते. पण वही नव्हती, त्यामुळे आठवला तो एक पितळी ट्रे. आमच्या कऱ्हाडच्या घरातला, कडेला वेलबुट्टी असलेला. तो हातात घेऊन मी किती वेळा बाहेरच्या खोलीत गेले होते, हे मी मोजले नव्हते.

मे महिन्यात आईच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. मोतीबिंदूचे, साधेच. पण थेंब दिवसातून चार-पाच वेळा घालायचे, पाणी लागू द्यायचे नाही, वाकायचे नाही. तेव्हा मी पंधरा दिवस कऱ्हाडला जाऊन राहिले. बरोबर लॅपटॉप नेला, कारण नॅकच्या अहवालातला आमच्या विभागाचा भाग मला लिहायचा होता. इतके सलग दिवस मी त्या घरात लग्नानंतर राहिले नव्हते. हेही तिथे गेल्यावरच कळले.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर आईने पहिली फर्माईश केली ती ‘अशी ही बनवाबनवी’ची (१९८८). हा चित्रपट मराठी घरांत पाहत नाहीत, म्हणतात. आई संवादाच्या आधी हसत होती आणि लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन आला, तेव्हा तर पुढचे काही ऐकूच येईना. माझ्या अभ्यासू मनाला त्यातला वेषांतराचा विनोद, घर मिळवण्यासाठी करावे लागणारे नाटक असे काही दिसू लागले होते. चित्रपट संपल्यावर आई म्हणाली, “त्या लीलाबाईला भाडं नको होतं, सोबत हवी होती.” आणि थेंबांची वेळ झाली का म्हणून घड्याळाकडे पाहू लागली. इतक्या वेळा पाहूनही त्या चित्रपटात मला घरमालकीण कधी दिसली नव्हती.

त्याच रात्री तिला ‘स्थळ’ची गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “तुला अकराजण येऊन गेले.” मी म्हटले, “तू मोजलेस?” “मोजणार नाही तर काय? दर वेळी पोहे मीच करत होते.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “ते गेल्यावर तू मागच्या दाराने विहिरीकडं जायचीस. मी यायचे नाही मुद्दाम. रडायचं असेल तर रडू दे म्हणायचे.” मी रडत नसे. ग्रंथालयातले पुस्तक घेऊन बसत असे. पण ते सांगितले नाही. तिने तीस वर्षे जपलेले माझे रडणे मोडायला मन होईना.

आई झोपल्यावर मी एकटीने ‘द डिसायपल’ (२०२०) पाहिला. हाही ताम्हाणे यांचाच. व्हेनिसला पटकथेचे पारितोषिक मिळालेला, मराठीत असूनही मराठी माणसांनी तुलनेने कमी पाहिलेला. शरद नेरूळकर हा शास्त्रीय गायनाचा विद्यार्थी. वृद्ध गुरुजींची सेवा करणारा, रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटारसायकल चालवत माईंच्या जुन्या ध्वनिमुद्रित व्याख्यानांतले साधनेचे, त्यागाचे धडे ऐकणारा. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. शरद झालेले आदित्य मोडक आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे दोघेही मुळात गायक. शरद सगळे करतो. रियाज करतो, नोकरी-लग्न पुढे ढकलतो, लोकप्रियतेपासून दूर राहतो. आणि तरीही त्याचे गाणे होत नाही. ते बेसूर नाही, वाईट नाही. फक्त जे व्हायला हवे ते त्यात होत नाही. आणि हे ओळखण्याइतका त्याचा कान तयार आहे, ही त्याची शिक्षा.

कऱ्हाडच्या घरात माळ्यावरच्या ट्रंकेत माझ्या कादंबरीची एकशेचाळीस पाने आहेत. विशीत लिहिलेली. पुढे नोकरी लागली, सेट झाली, पीएच.डी. झाली, मुले झाली. वेळ मिळाला असता तर पूर्ण झाली असती, असे मी इतकी वर्षे स्वतःला आणि कधी कधी इतरांनाही सांगत आले. ‘द डिसायपल’ पाहताना हे वाक्य घशात अडकले. शरदने वेळ दिला होता, आयुष्यच दिले होते. त्यामुळे त्याला निदान आपले अपयश तरी मिळाले. तो शेवटी गाणे सोडून संसारात, संगीताच्याच व्यवसायात स्थिरावतो आणि लोकल गाडीत एक फिरता गायक गात गात त्याच्यासमोरून पुढे जातो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे असते त्यावर त्याचा हक्क आहे. माझ्यापाशी तेही नाही. मी परीक्षेलाच बसले नाही आणि आजारपणाचा दाखला जोडून ठेवला.

दुसऱ्या दिवशी ट्रंक काढावी असे मनात आले. काढली नाही. असो.

तिसरा चित्रपट ‘टोकियो स्टोरी’ (१९५३). यासुजिरो ओझूचा. विद्यार्थिदशेत फिल्म सोसायटीत पाहिला होता. जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा वगैरे मला पाठ आहे. आई शेजारी येऊन बसली. जपानी येत नाही, इंग्रजी उपशीर्षके वाचता येत नाहीत, तरी म्हणाली, “लाव. तू सांग काय बोलतात ते.” मग मी एकेक ओळ मराठीत सांगू लागले. ओनोमिचीहून शुकिची आणि तोमी हे म्हातारे जोडपे मुलांना भेटायला टोकियोला येते. मुलगा डॉक्टर, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालवणारी. कोणालाच वेळ नाही. युद्धात गमावलेल्या मुलाची बायको, नोरिको, तेवढी एक दिवस रजा काढून सासू-सासऱ्यांना शहर दाखवते.

शिगेच्या दुकानात एक गिऱ्हाईक विचारते, हे कोण आले आहेत? शिगेचे उत्तर पडद्यावर उमटले आणि मी थांबले. आपल्या आईवडिलांना ती गावाकडची ओळखीची माणसे म्हणते. इतकेच. मी आईला म्हटले, “आईवडील आलेत म्हणाली.” आणि पुढची ओळ घाईघाईने सांगितली.

आयुष्यभर भाषांतर-मीमांसा शिकवणारी मी, हे मी का केले? उत्तर फार शोधावे लागले नाही. काही वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आली होती. सहकारी घरी येणार होते, एका चर्चासत्राचे ठरवायचे होते. मी तिला म्हटले होते, “तू आतच बस, तुला कंटाळा येईल.” ती आत बसली. दोन तास. चहा मात्र तिनेच करून दिला होता.

चित्रपट पुढे सरकत राहिला. म्हातारा-म्हातारी परततात, तोमी आजारी पडते. ओनोमिचीला निघताना डॉक्टर मुलगा आणि शिगे यांचे बोलणे होते, की सुतकाचे कपडे बरोबर न्यावेत. नोरिको ते आणत नाही. तिच्या मनात तसे आलेलेच नसते. आई गेल्यावर जेवणाच्या बैठकीत शिगे आईचा किमोनो मागते, लगेच परततेही. धाकटी बहीण चिडते, तर नोरिकोच तिला समजावते, की सगळ्यांचे असेच होत जाते, मुले आपापल्या आयुष्यात दूर जातात. शुकिचीचे काम करणारा चिशू र्‍यू तेव्हा पन्नाशीच्या आत होता, सत्तरीच्या म्हाताऱ्याचे काम करत होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी त्या धाकट्या बहिणीच्या बाजूची होते. आता वयाने शिगेच्याही पुढे गेले आहे.

संपल्यावर आई म्हणाली, “ती मुलगी वाईट नाही गं. कामं असतात.” मला वाटले ती नोरिकोबद्दल बोलते आहे. नाही, शिगेबद्दलच.

सकाळी थेंब घालताना तिने विचारले, “काल दुकानात ती काय म्हणाली? तू मधेच अडखळलीस.” तिचा डोळा माझ्या बोटांत उघडा धरलेला होता. खोटे बोलणे अवघड होते. सांगितले. आई हसली. “मग बरोबरच की. गावाकडचीच आहेत.” मी दुसरा थेंब घातला.

घरी परतल्यावर पाहिला तो विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ (२०२३). टोकियोतली सार्वजनिक शौचालये स्वच्छ करणारा हिरायामा. पहाटे उठणे, झाडांना पाणी, गाडीत कॅसेट, मन लावून काम, दुपारी पानांमधून येणाऱ्या उन्हाचे छायाचित्र, रात्री पुस्तक. ‘टोकियो स्टोरी’तल्या कुटुंबाचे आडनावही हिरायामाच, आणि ओझूच्या शोधात वेंडर्स यांनी ‘टोकियो-गा’ (१९८५) हा माहितीपट केला होता. तेव्हा हा योगायोग नसावा. कोजी याकुशो यांचा चेहरा पाहत राहावा असा आहे. त्यांना कानला अभिनयाचे पारितोषिक मिळाले ते योग्यच. मला चित्रपट आवडला, हे मी वहीशिवाय सांगू शकते.

पण एक खटकले. नामवंत वास्तुकारांनी उभारलेली ती शौचालये चित्रपटात आधीच इतकी स्वच्छ आहेत, की ती साफ करणे एखाद्या उपासनेसारखे वाटू लागते. ‘कोर्ट’मध्येही एक सफाई कामगार आहे, वासुदेव पवार. तो पडद्यावर दिसतही नाही. मॅनहोलमध्ये गुदमरून मेलेला. त्याची बायको साक्षीत सांगते, की उतरण्याआधी तो आत दगड टाकून पाही. झुरळे बाहेर आली तर आत हवा आहे असे समजे. हिरायामाकडे कॅसेट आहेत, पवारपाशी दगड. आपल्या श्रमात शांती सापडण्यासाठी आधी त्या श्रमातून जिवंत बाहेर यावे लागते, हे वेंडर्स यांच्या चित्रपटाला सांगण्याची गरज पडलेली नाही.

या विचारासरशी ‘कोर्ट’ पुन्हा लावला, या वेळी वर्गासाठी नव्हे. सरकारी वकील नूतन हिच्यापाशी थांबले. गीतांजली कुलकर्णी यांची नूतन कलमे भराभर वाचून दाखवते, लोकलने घरी जाते, मुलाला घेते, स्वयंपाक करते, सगळ्यांना वाढते. तिचे घर मला फार आवडते. मी तिला ओळखते. आणि नेमक्या त्याच निर्विकार सुरात ती एका म्हाताऱ्या शाहिराला तुरुंगात ठेवण्याची मागणी करते. वर्गात मी या प्रसंगांना ‘व्यवस्थेचे मानवी रूप’ म्हणते. तिच्यात मला मी दिसते आणि म्हणून ते प्रसंग मला आवडतात आणि सहनही होत नाहीत, असे म्हणायला हवे होते. जामीन नाकारून न्यायालय उन्हाळी सुटीसाठी बंद होते, दिवे विझतात. माझीही सुटी तेव्हा संपत आली होती.

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले. तो प्रश्न विचारणारी मुलगी आता आमच्याकडे नाही. नव्या वर्गाला यंदा ‘कोर्ट’ दाखवला तेव्हा टिपणे बरोबर होतीच, ती मी टाकून दिलेली नाहीत. फक्त सुरुवातीला म्हटले, की मला यातले काय आवडले आणि काय सोसले नाही ते आधी सांगते. पाच मिनिटे बोलले असेन. जीभ सारखी अडखळत होती.

आईला मी दिवाळीत आमच्याकडे यायला सांगितले आहे. ती म्हणाली, “बघू.” ट्रंक अजून माळ्यावरच आहे.