उचल

इचलकरंजीत दोन कारखानदार भेटले की सलामानंतरचे दुसरे वाक्य ठरलेले असते, "माणूस टिकत नाही हो." लग्नाच्या दावतीत, जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, सूत व्यापाऱ्याच्या पेढीवर, सगळीकडे हेच. भिवंडी-मालेगावचे आमचे नातेवाईक फोनवर हेच ऐकवतात. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी या गावात पहिला यंत्रमाग सुरू केला, तेव्हापासूनच हे रडगाणे चालू असेल की काय, कोण जाणे. आम्ही दोघे भाऊही वर्षानुवर्षे त्यात सूर मिसळत आलो.

आमचे चोवीस साधे माग. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, कापड व्यापाऱ्याचे, आमची फक्त विणाई. बारा तासांच्या दोन पाळ्या आणि एका विणकराकडे चार माग, म्हणजे बारा विणकर. शिवाय दोन कांडीवाले, एक जॉबर, एक दिवाणजी, अशी सोळा माणसे. कागदावर मात्र हा एक कारखाना नव्हताच. बारा माग अब्बांच्या नावावर, बारा अम्मींच्या. मध्ये भिंत नाही, पण वीजमीटर दोन आणि हजेरीपत्रके दोन. प्रत्येकात सहा-सात नावे, तीही वर्षा-दीड वर्षाने बदलायची, कुणाची नोकरी सलग दिसू नये म्हणून. दहाचा आकडा गाठला की कायदे मागे लागतात, असे सगळे म्हणत. गावात यात कुणाला वावगे वाटत नसे. आम्हालाही वाटले नाही.

माणूस धरून ठेवण्याचा आमचा उपाय एकच, उचल. नवा विणकर आला की त्याच्या अंगावर पाच-दहा हजार टाकायचे. फिटत आली की लग्न, आजारपण, घराचे पत्रे अशा निमित्ताने पुन्हा द्यायची. पुरती फिटू द्यायची नाही. त्याला दुसरीकडे जायचे असेल तर नव्या मालकाने जुनी उचल भागवायची, हा अलिखित नियम. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवणे १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीत मोडते, हे आम्ही वाचले होते. त्याचा आमच्या उचलीशी काही संबंध असेल, असे मनातही आले नाही. गंमत म्हणजे व्यापारी आमची मजुरी दोन-दोन महिने थकवून आम्हालाही असेच बांधून ठेवत होता. त्याच्या नावाने मात्र आम्ही रोज बोटे मोडत होतो.

आमच्याकडे चिक्कोडीकडचा एक विणकर होता. सगळा कारखाना त्याला मामू म्हणे. माग बिघडणार हे त्याला आवाजावरून कळायचे. त्याच्या ताक्यात खोट काढायला व्यापाऱ्याच्या माणसाला भिंग लागले असते. २०१८ च्या रमजान ईदला मामू गावी गेला तो परतलाच नाही. चार माग बंद पडले आणि त्याच्या अंगावर बत्तीस हजार. अब्बा म्हणाले, "जा, वसूल करून या."

गावी गेलो तर कळले, तो गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत लागला आहे. तिथे खोलीवर गाठले. मामीने चहा ठेवला. आम्ही घरून भांडणाची तयारी करून निघालो होतो, पण चहा समोर आल्यावर ती जमेना. पगार किती मिळतो, एवढेच विचारले.

"तुमच्याकडं होता तेवढाच. वर भट्टीची धग."

"मग सोडलंस कशाला?"

त्याने ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात दोन पगारपत्रके होती, घडीसुद्धा न मोडलेली.

"पोराला नर्सिंगला घालायचं होतं. बँकेनं कर्जासाठी पगाराचा कागद मागितला. दिवाणजींकडं गेलो. ते म्हणाले, मामू, तू तर इथं कामालाच नाहीस." थोडे थांबून तो म्हणाला, "अकरा वर्षं मी कुठं होतो, भाई? तुम्हीच सांगा."

उचल हप्त्याने फेडीन, हेही त्यानेच आपणहून सांगितले. परतताना मोटारसायकलवर आम्ही दोघे एक शब्द बोललो नाही.

आमचा एक आतेभाऊ वकिली करतो. त्याने कागदावर आकडे मांडले. महिन्याची सरासरी कमाई ११,७०० रुपये. तिला २६ ने भागून १५ ने गुणले की ६,७५०, ही एका वर्षाची ग्रॅच्युइटी. अकरा वर्षांची ७४,२५०. बत्तीस हजार वजा केले तरी ४२,२५० रुपये आम्हीच मामूचे देणे लागत होतो. (तेव्हा १९७२ चा कायदा होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. कायम कामगाराला पाच वर्षांची अट आणि वर्षाला पंधरा दिवसांचा हिशेब तोच आहे.)

अब्बा संतापले. "दर ईदला कपडे दिले, पोरीच्या लग्नात जेवणाचा खर्च उचलला, ते कुठल्या कायद्यात बसतं?" ते खरेच होते. अब्बा कठोर माणूस नव्हेत. पण ते सगळे एहसानाच्या खात्यातले होते आणि मामूने मागितला होता हक, तोही एक कागद. मजुराच्या घामाविषयीची हदीस आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. आम्ही तर ती फ्रेम करून दिवाणजींच्या टेबलावर टांगली होती.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१९ पासून एकच कारखाना, एकच हजेरीपत्रक, दर आठवड्याला पगाराची चिठ्ठी. उचल अजून देतो, पण जाणाऱ्याला तिच्यासाठी अडवत नाही. नफा घटला, चार माग भंगारात काढावे लागले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अकरा जण गावी गेले, त्यातले सातच परतले. तेव्हा माणसे आता हलत नाहीत, अशी फुशारकी आम्ही मारणार नाही. आमचा जॉबर दोन हजार जास्त मिळतात म्हणून रेपियरच्या कारखान्यात गेला. पण आठ दिवस आधी सांगून गेला, आणि आपल्या जागी स्वतःचा भाचा आणून बसवून गेला. पूर्वी माणसे रात्रीतून नाहीशी व्हायची.

मामूच्या हिशेबाचे सांगायचे राहिले. अब्बा अखेर तयार झाले, पण वर्षे दहाच धरा म्हणाले. "बकरी ईद करून दुसऱ्या दिवशी आला होता, २००७ साली. डिसेंबरात. मला पक्कं आठवतं." मामूला फोन केला. बकरी ईदच, पण थंडीचे दिवस आणि नवे इंग्रजी वर्ष नुकतेच लागलेले, असे तो म्हणाला. दोघेही हटेनात. मग दिवाणजींना उलगडा झाला. २००७ साली बकरी ईद दोनदा आली होती, १ जानेवारीला आणि २१ डिसेंबरला.

प्रश्न ६,७५० रुपयांचा होता. दिवाणजी माळ्यावर चढले आणि जुन्या ताक्यांच्या वह्या धूळ झटकत खाली देऊ लागले. अब्बा चष्मा लावून स्वतः पाने उलटत बसले. मगरिबच्या सुमारास ती नोंद सापडली: मामूच्या नावावरचा पहिला ताका, ९ जानेवारी. अब्बांनी वही आमच्यासमोर सरकवली आणि वजूला उठले.