कापसाचे गोत्र

शास्त्राशी माझे नाते दहावीलाच तुटले. मी पडलो मराठीचा अध्यापक. पण दिवाळीत अल्लीपूरला दादाकडे गेलो, की तुटलेली नातीही आठवतात.

पूर्वी शेताला वीज यायची ती बहुधा रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायला दादा विजेरी घेऊन निघे आणि वहिनी उंबऱ्यावर बसून राही. सापाचे नाव ती कधी काढीत नसे. यंदा मळ्यात सौरपंप आला.

"आणि आभाळ आले तर?" मी विचारले.

"मग पंपही बसतो. ऊन साठवता आलं पाहिजे." दादा कापूस वेचता वेचता म्हणाला.

मला नुकतेच वाचलेले आठवले. कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. अशा माळांना शास्त्रज्ञ बहुवारिके म्हणतात. प्लास्टिकही त्याच गोत्रातले, एरवी वीज अडवणारे. पण १९७७ साली हीगर, मॅकडायर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडिनची वाफ देऊन त्यातून वीज वाहती केली. २००० साली त्यांना नोबेल मिळाले. आज असल्या बहुवारिकांचे सौरपत्रे आणि बॅटऱ्या घडवण्याची खटपट चालू आहे. मात्र उन्हावाऱ्यात ते पत्रे लवकर थकतात. सेल्युलोजपासून केलेला डिंक मात्र लिथियम बॅटरीतली भुकटी आजच धरून ठेवतो.

"म्हणजे आपला कापूसच ऊन धरून ठेवणार!" दादा हसला.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, रातची वाट पाहणं सुटलं, हेच लय झालं."

संध्याकाळी तिने कापसाची वात वळली आणि पणती त्याच उंबऱ्यावर ठेवली.