क्ष, लॉग क्ष आणि आम्ही

मराठीच्या प्राध्यापकाने लॉगरिदमविषयी लिहू नये, हा संकेत आम्हांस मान्य आहे. तो मोडण्याचे कारण एवढेच, की आम्ही मराठीकडे वळलो ते एका समीकरणापायी. आणि विद्यार्थ्यांनी विचारले असता आजवर आम्ही 'साहित्याची ओढ' असे भारदस्त उत्तर देत आलो आहोत.

विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षी परीक्षेत प्रश्न होता: क्ष गुणिले लॉग क्ष बरोबर १.२, पाया १०, क्ष काढा. लॉग उलटवला की क्ष घातांकात जाऊन बसे. तेथून ओढून काढावा तर पुन्हा लॉगच्या आड दडे. चाळीस मिनिटे आम्ही पदे इकडची तिकडे केली. अखेर 'या समीकरणास उत्तर नाही' असे ठळक अक्षरांत लिहून उठलो, आणि पुढल्या जूनमध्ये कला शाखेत दाखल झालो. (वर्गात हा भाग शिकवला गेला त्या आठवड्यात आम्ही एका एकांकिकेच्या तालमीत होतो, हेही नोंदवले पाहिजे. ओढ अगदीच खोटी नव्हती.)

गेल्या पावसाळ्यात, अभियांत्रिकीला असलेल्या पुतण्याच्या वहीत तेच समीकरण दिसले. "काका, हे सोडवायचं नसतं, गाठायचं असतं," असे म्हणत त्याने आलेखाच्या कागदावर दोन वक्र काढले: एक लॉग क्षचा, हळूहळू चढणारा; दुसरा १.२ भागिले क्षचा, उतरणारा. दोन आणि तीन यांच्या दरम्यान, तीनच्या बाजूला, ते एकमेकांस छेदून गेले. 'उत्तर नाही' म्हणून आम्ही ज्याची बोळवण केली होती, ते तेथे पेन्सिलीच्या टोकाएवढे उभे होते.

पुढची रीत आम्हांस अधिक विलक्षण वाटली. तिचे लॅटिन नाव 'रेग्युला फाल्सी', म्हणजे खोट्याचा नियम. क्ष दोन धरला तर गुणाकार १.२ला ०.५९७९ने कमी पडतो. तीन धरला तर ०.२३१४ने वर जातो. या दोन बिंदूंमधली रेषा वक्र आहे हे ठाऊक असूनही ती सरळच आहे असे धरायचे. ती शून्याला छेदते तेथे २.७२१० मिळतात. हे उत्तर चुकीचे, पण दोनपेक्षा बरे. आता दोनच्या जागी ते घेऊन पुन्हा तीच लबाडी करायची: २.७४०२, पुन्हा: २.७४०६. तीनचा खुंटा शेवटपर्यंत हलत नाही. हा वक्र खालच्या बाजूस झोळासारखा वाकलेला असल्याने त्यावर ताणलेली सरळ दोरी नेहमी त्याच्या वर राहते. म्हणून प्रत्येक उत्तर खऱ्याच्या किंचित अलीकडे पडते, पलीकडे कधीच जात नाही.

या उत्तरास नाव नाही असे मात्र नाही. अठराव्या शतकातील गणितज्ञ लांबेर्ट याच्या नावाच्या एका फलनाने ते एका ओळीत लिहिता येते, असे पुतण्या म्हणाला. आम्ही क्षणभर सुखावलो. "पण त्याची किंमत काढायची, तर पुन्हा असंच जवळजवळ जावं लागतं," तो म्हणाला.

आम्ही पाचव्या दशांशाची चौकशी केली. त्याने वही मिटली. "काका, पेपरात चारच मागतात."