मलगायचा घास

ग्लासगोहून लोकलने साधारण अर्ध्या तासात मिलनगावी येतं. पाटीवरची अक्षरं तशी असली, तरी इथले लोक गावाला म्हणतात 'मलगाय'. संगमनेरहून उन्हाळ्यात आलेले आमचे आप्पा हे ऐकून खूश झाले. "नावातच गाय आहे, म्हणजे गोठा असणारच!"

फोर्ट विल्यमपर्यंत जाणारी १५४ किलोमीटरची वेस्ट हायलँड वे ही पायवाट याच गावातून निघते. आमची वाट मात्र गावाबाहेरच्या तबेल्याशी संपते. नात शनिवारी तिथे घोड्यावर बसायला शिकते.

त्या दिवशी मालकीणबाईंनी वाळलेल्या घासाचे, म्हणजे लुसर्नचे, दोन गठ्ठे मागवले होते. हे पीक इकडे क्वचितच दिसतं. पाणी धरून ठेवणारी आम्ल जमीन त्याला मानवत नाही आणि वाळवायला लागोपाठ तीन-चार कोरडे दिवस मिळणं म्हणजे नशीबच. म्हणून माल दक्षिण इंग्लंडातून आला होता. एक गठ्ठा पिवळट, दुसरा हिरवागार. बाई हिरव्याकडे वळल्या.

"थांब म्हणावं," आप्पा मला म्हणाले. "दोन्ही उकलून बघू."

पिवळा गठ्ठा फक्त वरून उन्हाने उडाला होता. आत छान हिरवा. आप्पांनी मूठभर घास तळहातावर झाडला. पानं भरपूर पडली. "ताकद पानात असते, काडीत नाही." मग काडी बोटाला गुंडाळली. ती वाकली, मोडली नाही. जांभळी फुलं एखाददुसरीच, म्हणजे कापणी वेळेवर झालेली. पूर्ण फुलल्यावर कापला तर काडी जून होते.

हिरव्या गठ्ठ्यात आतले थर एकमेकांना चिकटलेले होते. झटकताच पांढरी धूळ उडाली, कुबट वास आला. ओलसर असतानाच बांधला की घास आत तापतो, बुरशी धरतो. घोड्याची छाती नाजूक. त्या धुळीने खोकला आणि धाप लागते. माणसालाही बाधते. 'फार्मर्स लंग' हा आजार त्यातलाच. आणि हा गठ्ठा जाणार होता तबेल्यातल्या म्हाताऱ्या, आधीच खोकणाऱ्या घोडीपुढे.

बाईंनी तो मुकाट्याने बाहेर काढला आणि विचारलं, हे कुठे शिकलात?

"गाईंनी शिकवलं," आप्पा म्हणाले. "त्यांनी गव्हाणीत जे शिल्लक ठेवलं, ते पुढच्या वेळी आणलं नाही."

दिवाळीआधी आप्पा परत गेले. आता नवे गठ्ठे आले की बाई मला बोलावतात आणि मी आप्पांना व्हिडिओ लावते. ते वैतागतात. "रंग काय दाखवतेस? नाक घाल आत!" मी नाक घालते. वास कुबट आहे की नुसता दमट, मला अजून नीट कळत नाही. तसं सांगितलं की पलीकडून एकच उत्तर येतं.

"शंका आली ना? मग घालू नकोस."