चाफ्याची शेंग

आमच्या चोरखमाऱ्याच्या अंगणातल्या देवचाफ्याला (सोनचाफा नव्हे) गेल्या उन्हाळ्यात शेंगा धरल्या. जोडीनं, बैलाच्या शिंगांसारख्या. नागझिऱ्याला जाणारे पर्यटकसुद्धा थांबून विचारायचे, "गुरुजी, हे काय लटकलंय?" बरोबरच आहे. हा मूळचा मेक्सिकोकडचा, आपल्या देवळांत रुळला तो फांदीवरच. फांदी तोडायची, चीक सुकू द्यायचा, रोवायची. बी कुणी पाहिलंय?

फूलही मोठं लबाड. त्यात मध नसतो. रात्री वासाला भुलून पतंग येतात, फसतात, आणि त्या फसवणुकीत एखादं फळ धरतं. मग शेंग पिकायला आठ-नऊ महिने. हिरवी तोडली तर बी रुजत नाही. काळी पडून उकलली की पंखवालं बी वाऱ्यावर गेलंच समजा. म्हणून हिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा शेंगेवर सैल बांधून ठेवला. ४३ बिया मिळाल्या.

झाड हिनंच माहेरून फांदी आणून लावलेलं. ती जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, मला फांदीच द्या. बियाचं झाड आईचं थोडंच असेल?" खरं आहे. फांदी म्हणजे तेच झाड. बियातून रंग कुठला निघेल याचा नेम नाही, शिवाय फुलायला तीनेक वर्षं, आणि माझं वय तुम्हाला ठाऊकच आहे. तिला फांदी दिली. बिया मात्र मी पेरल्या, जाड टोक खाली, पंख वर. दहाव्या दिवशी अकरा उगवल्या. रोप हवं असेल त्यांनी पावसाळ्यात यावं.