पाऊस अर्धंच उत्तर देतो

प्राकृतिक भूगोल हाच खरा भूगोल, असं मी कितीतरी वर्षं मानत आले. डोंगरदऱ्यांची घडण सांगणारं भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान, मृदा भूगोल, जैवभूगोल या शाखांत मोजता येतं, पडताळून पाहता येतं. मानवी भूगोलाच्या शाखा, म्हणजे लोकसंख्या, वस्ती, आर्थिक, राजकीय, मला इतर विषयांकडून उसन्या आणल्यासारख्या वाटायच्या. अर्थशास्त्र, समाजशास्त्र शिकवलं जात असताना तेच पुन्हा भूगोलात कशाला? वर्गातही मी दख्खनच्या लाव्हाथरांवर तासन्‌तास रमायचे आणि वस्त्यांचे प्रकार एका तासिकेत उरकायचे. आज माझं मत तसं राहिलेलं नाही.

माझा आवडता दाखला सातारा जिल्ह्याचा असे. महाबळेश्वरला वर्षाकाठी 6,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम 500. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर व माथ्यावर रिते होतात. पलीकडे उतरताना ते तापतात, कोरडे पडतात. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. इतकं सांगितलं की माणदेशाचं सगळं सांगून झालं, अशी माझी समजूत होती. पाऊस नाही, म्हणून शेती नाही, म्हणून माणसं बाहेर पडतात. पुढे काय विचारायचं?

विद्यार्थ्यांना घेऊन गावांची पाहणी करायला जायचे तेव्हा माझं लक्ष विहिरींच्या पातळीकडे आणि मातीच्या थराकडे असे. पाहणीच्या तक्त्यात ‘कुटुंबातली बाहेरगावी असलेली माणसं’ असा एक रकाना होता, तो मुलं भरायची. त्या रकान्याने मला विचार करायला लावलं.

सांगलीच्या खानापूर, आटपाडी भागात त्या रकान्यात केरळ आणि तमिळनाडूतल्या शहरांची नावं दिसत. ही गलाईवाल्यांची घरं. सराफाकडचं जुनं सोनं-चांदी मुशीत घालून भट्टीवर वितळवायचं, तेजाबाने हीण काढायचं, शुद्ध धातू परत द्यायचा, हा त्यांचा धंदा. एक जण परमुलखात बस्तान बसवतो, मग भावाला नेतो, मेहुण्याला नेतो, भट्टीशेजारी बसवून काम शिकवतो. याच भागातल्या विट्याची माणसं अशीच देशभर पसरली. माण-फलटणकडच्या मेंढपाळांची तऱ्हा निराळी. त्यांतले काही दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरतात, कोकणात भातकापणी झालेल्या शेतांत रात्री वाघर लावून मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे घेतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत वर येतात, कारण कोकणच्या चिखलात मेंढरांची खुरं कुजतात. आणि बीडच्या डोंगरपट्ट्यातली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन उसाच्या फडाकडे निघतात. त्यांच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता.

तिन्ही मुलूख अवर्षणाचे. एकाने सोन्याची भट्टी धरली, दुसऱ्याने घाटवाट, तिसऱ्याच्या हाती कोयता आला. माणसं गाव का सोडतात, हे पावसाचे आकडे सांगतात. ती कुठे जातात, कोणाच्या ओळखीने जातात, जाताना मालक म्हणून जातात की उचल फेडायला, हे तेच आकडे सांगू शकत नाहीत. तिथे जात, नातंगोतं, भांडवल, बाजार आणि साखर कारखान्याचा हंगाम पाहावा लागतो, आणि हे सगळं जागेशी जोडून पाहावं लागतं. हे काम अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र आपलं मुख्य काम मानत नाही. ते मानवी भूगोलाचंच आहे.

फ्रीडरिश रात्सेलच्या 1882 च्या ग्रंथापासून भूगोलात निश्चयवादाची, म्हणजे माणसाचं जगणं निसर्गच ठरवतो या मताची, चर्चा आहे, आणि व्हिदाल द ला ब्लाशच्या फ्रेंच परंपरेने त्याला संभववादाचं उत्तर दिलं: निसर्ग शक्यता पुढे ठेवतो, निवड माणूस करतो. दोन्ही बाजू मी वर्गात सांगत होते. मनातून मात्र मी निश्चयवादीच होते. आता मी संभववादाच्या बाजूची आहे, आणि त्यातही मला एक भर घालावीशी वाटते. निवड सगळ्यांना सारखी मिळत नाही. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये ऐरणीवर आला आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. कामावरचा खाडा, त्याचा दंड, फडावरची कोपी, तिथे नसलेलं न्हाणीघर, गावाकडचा दवाखाना असे सगळे धागे त्या प्रश्नात एकत्र येतात. आरोग्याचा भूगोल ही शाखा कशासाठी हवी, हे मला त्या बातम्या वाचताना पटलं.

आटपाडीचा अनुभव तर आणखी बोलका आहे. 1990 च्या दशकात नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने त्या भागातल्या दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्यासाठी चळवळ उभी केली. टेंभू योजनेने कृष्णेचं पाणी कराडजवळून उचलून टप्प्याटप्प्याने खानापूर-आटपाडीच्या माळावर नेलं. सह्याद्री जागच्या जागी आहे, पर्जन्यछाया तशीच आहे, तरी पाणी पोचलं तिथे पीक बदललं. हा बदल समजायला नदीखोऱ्याचा अभ्यास लागतो आणि राजकीय भूगोलही लागतो, कारण पाणी कोणाच्या वाट्याला किती हे लवाद ठरवतो, सरकार ठरवतं आणि रस्त्यावर उतरलेली माणसंही ठरवतात.

भूरूपशास्त्रावरचं माझं प्रेम कमी झालेलं नाही. बेसॉल्टच्या थरात पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं हे कळल्याशिवाय माणदेशात विहीर खोदू नये, असंच मी आजही सांगेन. पण शाखांची उतरंड लावणं मी सोडून दिलं आहे.

भूगोल शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एक विनंती आहे. मानवी भूगोलाचे धडे परीक्षेच्या तोंडावर उरकण्यासाठी मागे ठेवू नका. जूनमध्येच मुलांना आपल्या गावातून कोण, कुठे, कोणत्या महिन्यात आणि कशासाठी जातं याचा नकाशा काढायला सांगा, आणि मग त्याच्या शेजारी पावसाचा नकाशा ठेवा.