सोबतची प्रत

पॅकेज करण्यासाठी नवा प्रोग्राम हाती आला की त्याच्या सोर्समध्ये ‘व्हेंडर’ किंवा ‘थर्ड पार्टी’ नावाचं फोल्डर आहे का, हे मी आधी पाहतो. मूळ लेखकाने इतरांच्या लायब्रऱ्या तिथे आणून ठेवलेल्या असतात. त्या तशाच राहू द्यायच्या, की काढून टाकून प्रोग्राम सिस्टिममधल्या लायब्रऱ्यांशी जोडायचा? डेबियन या लिनक्स डिस्ट्रोच्या धोरणाचा कल जोडण्याकडे आहे, आणि माझाही.

डिस्कवरची जागा वाचते म्हणून नव्हे. २००२मध्ये झेडलिब या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत एकच मेमरी दोनदा मोकळी होण्याचा दोष सापडला. १.१.४ आवृत्तीत तो दुरुस्त झाला, पण अनेक प्रोग्रामांच्या पोटात जुन्या प्रती होत्या. त्या हुडकून काढाव्या लागल्या. सप्टेंबर २०२३मध्ये लिबवेबपी या चित्रांच्या लायब्ररीच्या बाबतीत तेच घडलं. मुद्दाम घडवलेल्या एका चित्रातून हल्ला करता येत होता. सिस्टिमची लायब्ररी वापरणारे प्रोग्राम एका अपडेटने सुरक्षित झाले. क्रोम, फायरफॉक्स आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेल्या ॲप्सना मात्र आपापलं अपडेट काढावं लागलं. मोठ्या ब्राउझरांकडे त्यासाठी माणसं असतात. एकट्यादुकट्याने सांभाळलेल्या ॲपचा वापरकर्ता लेखकाच्या सवडीवर अवलंबून राहतो.

तरीही मूळ लेखकांची बाजू मला पटते. त्यांच्या चाचण्या ठरावीक आवृत्तीवर झालेल्या असतात. एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी तर प्रोग्राममध्ये थेट घालता यावी म्हणून एकाच मोठ्या सी फाइलच्या रूपातही मिळते. सिस्टिमच्या एसक्यूलाइटमध्ये मजकूर शोधण्याची एफटीएस५ ही सोय नसेल, तर त्यावर विसंबलेला शोध चालत नाही आणि तक्रार मूळ लेखकाकडे जाते. शिवाय सामायिक लायब्ररीचा धोकाही सामायिक असतो. २०२४मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आढळला. काही डिस्ट्रोंनी एसएसएच सर्व्हर सिस्टिमडीच्या आणि तिच्यामार्फत एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेला होता, त्या वाटेने तो थेट सर्व्हरपर्यंत पोचत होता.

म्हणून मी विचारतो ते इतकंच: उद्या दोष निघाला तर दुरुस्ती कोण पोचवणार? चित्रं, कॉम्प्रेशन, टीएलएस अशी बाहेरचा डेटा हाताळणारी लायब्ररी मी शक्यतो सिस्टिमचीच घेतो. मूळ लेखकाने स्वतःचे बदल करून प्रोग्रामशी घट्ट बांधलेली लायब्ररी सोबत राहू देतो, पण तिचं नाव आणि आवृत्ती पॅकेजमध्ये नोंदवतो. प्रत सोबत ठेवणाऱ्याने तिच्या सुरक्षासूचनांवर लक्ष ठेवण्याचं कामही पत्करलेलं असतं. ते झेपणार नसेल, तर प्रत ठेवू नये.